घरच्या घरी शक्तिव्यायाम : डंबेल घ्यावे की बारबेल?

बंगळुरू : दक्षिण बंगळुरूतील जयनगर वसाहतीची पायाभरणी 1948 मध्ये झाली. विभागवार आखणी, रुंद रस्ते आणि झाडांच्या रांगा यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या भागात आज तीन प्रकारची घरे शेजारी शेजारी उभी आहेत. लाल ऑक्साइडच्या गुळगुळीत जमिनीची जुनी बैठी घरे, एका मजल्यावर मालक आणि दुसऱ्यावर भाडेकरू राहत असलेल्या इमारती, आणि जुनी घरे पाडून उभारलेले सदनिकांचे संकुल. व्यायामासाठी घरात लोखंड आणू पाहणाऱ्याला या तीन घरांतील फरक सर्वप्रथम लक्षात घ्यावा लागतो. ‘डंबेल की बारबेल’ हा प्रश्न सहसा स्नायूंच्या संदर्भात विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र बहुतेक वेळा खोलीची लांबी, फरशीची घडण, मदतीला कोणी असणे आणि वजन वाढविण्याची पायरी या चार बाबींवर अवलंबून असते.

शक्तिव्यायामाची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यात 150 ते 300 मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी. त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस शरीराच्या सर्व प्रमुख स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. वयाची 65 वर्षे ओलांडलेल्यांसाठी तोल आणि शक्ती यांवर भर देणारा व्यायाम आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस सुचविण्यात आला आहे. लालबागेत किंवा वसाहतीतील उद्यानात रोज सकाळी चालणारे अनेक नागरिक पहिली अट पूर्ण करतात. दुसरी अट केवळ चालण्याने पूर्ण होत नाही.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागू झाल्यावर देशभरातील व्यायामशाळा बंद झाल्या. त्या उघडण्यास केंद्राने 5 ऑगस्ट 2020 पासून परवानगी दिली. मधल्या काळात घरीच वजने उचलण्याची सवय अनेकांना लागली आणि व्यायामशाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतरही ती पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली.

आखाडा, गरडी आणि टपालाने व्यायाम

घरी वजने आणून व्यायाम करण्याची कल्पना भारतात नवी नाही. महाराष्ट्रातील तालमीप्रमाणे जुन्या म्हैसूर संस्थानात ‘गरडी’ हे मल्लांचे सरावस्थान होते. तेथे दंड, बैठका आणि मुद्गल यांचा अभ्यास चाले. पाश्चात्त्य पद्धतीच्या डंबेलची लोकप्रियता वाढविण्यात युजेन सँडो या बलोपासकाचा वाटा मोठा होता. 1904–05 मध्ये त्याने भारताचा दौरा केला. त्याही आधी औंध संस्थानचे भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्यांचा व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि त्याचे निष्ठावान प्रचारक झाले.

बंगळुरूत के. व्ही. अय्यर (1897–1980) यांनी या दोन्ही प्रवाहांचा मेळ घातला. ‘मसल कल्ट’ हे त्यांचे इंग्रजी पुस्तक 1930 मध्ये प्रसिद्ध झाले. वजनांचा व्यायाम, योगासने आणि सूर्यनमस्कार यांना त्यांनी एकाच पद्धतीत बसविले आणि व्यायामशाळेत येऊ न शकणाऱ्यांसाठी टपालाने शिक्षणक्रम चालविला. घरी एकट्याने व्यायाम करणाऱ्याला मार्गदर्शन कसे पोहोचवावे, हा आजचा प्रश्न या शहरात जवळजवळ शतकापूर्वीच विचारात घेतला गेला होता.

दोन साधनांतील मूळ फरक

डंबेल एका हातात धरले जाते. दोन्ही हात स्वतंत्रपणे हलतात, त्यामुळे दुबळ्या हाताची उणीव बलवान हाताला झाकता येत नाही. मनगट व खांदा यांना आपल्या सोयीच्या कोनातून फिरता येते. याची किंमत म्हणजे तोल सांभाळण्यात खर्च होणारी शक्ती. नॉर्वेतील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित पुरुषांनी बाकावर पडून छातीवरून जास्तीत जास्त जे वजन उचलले, ते बारबेलच्या तुलनेत डंबेलने 17 टक्क्यांनी कमी भरले. मात्र छातीच्या मुख्य स्नायूंच्या विद्युत सक्रियतेत फरक आढळला नाही. उचललेले वजन कमी असले, म्हणजे छातीला मिळणारा व्यायाम त्याच प्रमाणात कमी होतो, असे नाही.

बारबेल दोन्ही हातांनी धरले जाते. त्यामुळे अधिक वजन उचलता येते आणि पाय, नितंब व पाठ या मोठ्या स्नायूंना पुरेसा भार देता येतो. खांद्यावर दांडा घेऊन काढलेल्या बैठका आणि जमिनीवरून वजन उचलण्याचा ‘डेडलिफ्ट’ हे बारबेलचे बलस्थान आहे. काही महिन्यांच्या सरावानंतर पायांची शक्ती इतकी वाढते की डंबेल अपुरे पडू लागतात. पाय थकण्याआधी हातांची पकड सुटते.

स्नायूंची वाढ आणि शक्तीची वाढ यांतही भेद करावा लागतो. हलक्या व जड वजनांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्नायू थकेपर्यंत आवर्तने केल्यास दोन्ही प्रकारांत स्नायूंची वाढ जवळपास सारखी होते. जास्तीत जास्त वजन उचलण्याची क्षमता मात्र जड वजनांनी अधिक वाढते. आरोग्य आणि सुडौल शरीर हे उद्दिष्ट असणाऱ्यास डंबेल दीर्घकाळ पुरतात. वजन उचलण्याच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्यास बारबेलला पर्याय नाही.

वजनवाढीचे गणित

खरेदीच्या वेळी सर्वांत दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे वजनाची पायरी. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या 2009 च्या भूमिकापत्रात, ठरविलेल्या आवर्तनांपेक्षा एक-दोन आवर्तने अधिक होऊ लागल्यावर वजन 2 ते 10 टक्क्यांनी वाढविण्याची शिफारस आहे.

ठरावीक वजनाच्या डंबेलना ही शिफारस लावून पाहिल्यास अडचण स्पष्ट होते. 5 किलोच्या डंबेलनंतर 7.5 किलोचे डंबेल घेतल्यास वाढ 50 टक्क्यांची होते. 7.5 वरून 10 किलोवर जाताना ती 33 टक्के असते. खांद्यासारख्या लहान स्नायूंना ही उडी पेलत नाही. मग एक तर प्रगती थांबते, किंवा कंबर वाकवून, झटका देऊन वजन वर नेले जाते आणि दुखापतीला वाव मिळतो. प्लेट बदलता येणारे डंबेल असल्यास ही अडचण बरीच कमी होते. 10 किलोच्या डंबेलला दोन्ही टोकांना अर्ध्या किलोची प्लेट जोडली की वजन 11 किलो होते, म्हणजे वाढ 10 टक्क्यांची. त्यामुळे अर्धा आणि एक किलोच्या प्लेट्स संचात असणे, आणखी एक जड जोडी असण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

बारबेलवर ही पायरी अधिक सुबक असते. एकूण 40 किलो वजनाला दोन्ही बाजूंस सव्वा किलोच्या प्लेट्स लावल्या की वाढ 2.5 किलोची, म्हणजे सुमारे 6 टक्के होते. 60 किलोवर तीच वाढ जेमतेम 4 टक्के ठरते. मात्र बारबेलची खालची मर्यादा लक्षात ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील पुरुषांचा दांडा 20 किलोचा आणि महिलांचा 15 किलोचा असतो. डोक्यावर वजन नेण्याची सुरुवात करणाऱ्या अनेकांना, विशेषतः ज्येष्ठांना, रिकामा दांडाच जड पडतो. अशांसाठी हलका रॉड किंवा डंबेल हीच योग्य सुरुवात होय.

खोली, फरशी आणि खालचा मजला

पुरुषांच्या स्पर्धेच्या दांड्याची लांबी 2.2 मीटर, तर महिलांच्या दांड्याची 2.01 मीटर असते. 10 फूट रुंदीच्या, म्हणजे सुमारे 3.05 मीटरच्या खोलीत पूर्ण लांबीचा दांडा मध्यभागी ठेवल्यास प्रत्येक टोकाला जेमतेम 42 सेंटिमीटर जागा उरते. तेवढ्या जागेत उभे राहून प्लेट चढविणे आणि उतरविणे अवघड असते. त्याच खोलीत कपाट व पलंग असेल, तर हा पर्याय उरतच नाही. पाच फुटांचा रॉड घेतल्यास प्रत्येक बाजूस सुमारे 76 सेंटिमीटर जागा मिळते. मात्र बाजारातील अनेक रॅक पूर्ण लांबीच्या दांड्यासाठी बनविलेले असतात. आखूड रॉड त्यांच्या खुंट्यांवर नीट बसत नाही. रॉड आणि रॅक वेगवेगळ्या ठिकाणांहून घेणाऱ्याने ही मापे आधी जुळवून पाहावीत.

फरशीचा प्रश्न दुहेरी आहे. पहिला भाग भाराचा. भारतीय मानक आयएस 875 च्या दुसऱ्या भागानुसार निवासी खोल्यांच्या स्लॅबची रचना करताना दर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो वापरभार गृहीत धरला जातो. हा भार सर्वत्र समान पसरलेला मानलेला असतो. डंबेलची जोडी आणि एक बाक यांमुळे चिंतेचे कारण सहसा निर्माण होत नाही. रॅक, बाक, शंभर-दीडशे किलोच्या प्लेट्स आणि व्यायाम करणारी व्यक्ती हे सर्व एका कोपऱ्यात एकवटणार असेल, आणि तेही जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, तर रचना अभियंत्याला दाखवून घेणे उचित ठरते.

दुसरा भाग आघाताचा. खाली ठेवलेले वजन आणि खाली टाकलेले वजन यांत मोठा फरक असतो. डेडलिफ्टनंतर सोडून दिलेल्या बारबेलचा आवाज व हादरा स्लॅबमधून थेट खालच्या घरात उतरतो. टाइल तडकते, आणि लाल ऑक्साइडच्या जमिनीला पडलेला खड्डा पूर्वीसारखा बुजविणारे कारागीर सहज मिळत नाहीत. जाड रबरी चटईने आवाज कमी होतो, थांबत नाही. तळमजल्यावरील खोली किंवा आच्छादित वाहनतळ उपलब्ध असेल, तर बारबेलची जागा तेथेच. गच्चीवर साहित्य उघडे ठेवल्यास पावसाळ्यात लोखंडाला गंज चढतो आणि दांड्याच्या फिरत्या टोकांत घाण साचते. सदनिकांच्या संकुलात सामाईक जागेत साहित्य ठेवण्यापूर्वी रहिवासी संघाची परवानगी घ्यावी. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी कल्पना दिल्यास पुढील वाद टळतात.

एकट्याने व्यायाम करताना

व्यायामशाळेत प्रशिक्षक किंवा सोबती असतो. घरी बहुधा कोणी नसते. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतील 1990 ते 2007 या काळातील नोंदींचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वजनांच्या व्यायामात झालेल्या दुखापतींपैकी 65.5 टक्के दुखापती वजन अंगावर पडल्याने झाल्याचे त्यात आढळले. चुकीच्या पद्धतीने वजन उचलण्याबद्दल जितके बोलले जाते, तितके वजन पडण्याबद्दल बोलले जात नाही.

या दृष्टीने दोन साधनांत ठळक फरक आहे. बाकावर पडून व्यायाम करताना शक्ती संपली, तर डंबेल बाजूंना खाली उतरविता येतात. बारबेल छातीवर किंवा गळ्यावर अडकून राहते. म्हणून दोन्ही बाजूंना आडव्या सुरक्षा-पट्ट्या असलेला रॅक नसल्यास घरी एकट्याने जड बेंच प्रेस किंवा खांद्यावरील जड बैठका करू नयेत. रॅकची किंमत आणि जागा बारबेलच्या खर्चातच धरावी. केवळ दांडा आणि प्लेट्स यांच्या किमतीची डंबेलशी केलेली तुलना अपुरी असते.

डंबेलचेही धोके आहेत. प्लेट बदलता येणाऱ्या डंबेलचे आट्यांचे लॉक व्यायाम करताना सैल होते. प्रत्येक फेरीपूर्वी, विशेषतः डोक्यावर वजन नेण्याआधी, ते आवळून पाहणे आवश्यक आहे. लहान मुले असलेल्या घरात प्लेट्स भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत आणि डंबेल मुलांच्या हाताशी येणार नाहीत असे ठेवावेत.

ज्येष्ठ नागरिक आणि हृदयाची काळजी

बारबेल हे केवळ तरुणांचे साधन आहे, हा समज खरा नाही. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता घटलेल्या 101 महिलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी अर्धा तास डेडलिफ्ट, बैठका आणि डोक्यावर वजन नेणे असे जड व्यायाम केले. या गटात कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे 2.9 टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटात ती 1.2 टक्क्यांनी घटली. मात्र जड व्यायामाच्या गटाचे प्रत्येक सत्र प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली झाले होते. हा निष्कर्ष वाचून आजीसाठी घरात बारबेल आणणे आणि तो व्यायाम तिला एकटीने करायला लावणे, यासाठी त्या चाचणीत आधार नाही. तंत्र आधी जाणकाराकडून शिकून घ्यावे. तोपर्यंत खुर्चीवरून हलके डंबेल घेऊन उठणे-बसणे, हाही उपयुक्त शक्तिव्यायाम आहे.

कन्नड अभिनेते पुनीत राजकुमार यांचे 29 ऑक्टोबर 2021 रोजी वयाच्या 46 व्या वर्षी निधन झाले. व्यायामानंतर त्यांना अस्वस्थ वाटू लागले होते. त्यानंतरच्या दिवसांत बंगळुरूतील रुग्णालयांत, विशेषतः जयनगर नवव्या विभागातील जयदेव हृदयविज्ञान संस्थेत, तपासणीसाठी मोठी गर्दी झाली. व्यायाम हेच मृत्यूचे कारण, असा निष्कर्ष या घटनेवरून काढता येत नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, छातीत दुखण्याचा पूर्वेतिहास किंवा कुटुंबात अल्पवयात हृदयविकार असल्यास जड वजनांपूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढा बोध मात्र निश्चित आहे. श्वास रोखून जोर लावल्यास रक्तदाब क्षणभर बराच वाढतो. म्हणून वजन वर नेताना श्वास सोडावा आणि खाली आणताना घ्यावा. छातीत दाब, चक्कर किंवा अकारण धाप जाणवल्यास व्यायाम तत्काळ थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी.

खरेदीपूर्वीची तपासणी

प्लेटच्या मधल्या छिद्राचे माप सर्वप्रथम पाहावे. घरगुती संचांत ते साधारण 25 ते 30 मिलिमीटर असते, तर स्पर्धेच्या दांड्याच्या टोकांचा व्यास 50 मिलिमीटर असतो. एका मापाच्या प्लेट्स दुसऱ्या दांड्यावर चालत नाहीत. पुढे बारबेल घेण्याचा विचार असल्यास डंबेलचे रॉड आणि बारबेल यांचे माप आधीच जुळते ठेवावे. त्याच प्लेट्स दोन्हींकडे वापरता येतात आणि खर्च वाचतो.

सिमेंटचे मिश्रण भरलेल्या प्लास्टिकच्या प्लेट्स स्वस्त पडतात, परंतु त्या जाड असल्याने आखूड रॉडवर फार वजन मावत नाही. आपटल्यास त्यांना तडाही जातो. लोखंडी किंवा रबर चढविलेल्या प्लेट्स महाग असल्या तरी कमी जागा व्यापतात, दीर्घकाळ टिकतात आणि वापरलेल्या स्थितीतही विकल्या जातात. प्लेटवर छापलेले वजन आणि प्रत्यक्ष वजन यांत तफावत असू शकते. दुकानातच काट्यावर वजन करून घेणे हा साधा उपाय आहे. बाक घेताना तो किती भार पेलतो हे विचारावे आणि त्या आकड्यात स्वतःचे वजनही मोजावे.

कोणी काय निवडावे

वरच्या मजल्यावरील सदनिका, सामाईक खोली आणि एकट्याने व्यायाम, अशी स्थिती असलेल्यांनी प्लेट बदलता येणारे डंबेल घ्यावेत आणि सोबत लहान प्लेट्स घ्याव्यात. पायांना डंबेल अपुरे पडू लागल्यास एका पायावरील बैठका आणि संथ गतीची आवर्तने यांमुळे तीच वजने पुन्हा आव्हानात्मक होतात. नवशिक्या व्यक्तीस या संचावर अनेक महिने प्रगती करता येते.

तळमजल्यावर स्वतंत्र खोली, सुरक्षा-पट्ट्यांचा रॅक आणि तंत्र शिकविणारी व्यक्ती या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतील आणि शक्तिवाढ हे मुख्य उद्दिष्ट असेल, तर बारबेल घेणे योग्य. एकाच घरात तरुण आणि ज्येष्ठ दोघेही व्यायाम करणार असतील, तर आधी डंबेल आणि वर्षभराच्या नियमित सरावानंतर त्याच मापाचा बारबेलचा रॉड, हा क्रम सोयीचा ठरतो.

साधन कोणतेही असो, आठवड्याचे दोन दिवस निश्चित करून प्रत्येक वेळी पाच हालचाली कराव्यात. बैठक, जमिनीवरून वजन उचलणे, छातीपासून वजन पुढे ढकलणे, वजन पोटाकडे ओढणे आणि डोक्यावर नेणे. प्रत्येकी 8 ते 12 आवर्तनांच्या दोन किंवा तीन फेऱ्या सुरुवातीला पुरतात. उचललेले वजन आणि झालेली आवर्तने वहीत लिहून ठेवावीत. घेतलेल्या साधनाच्या पायऱ्या आपल्याला पुरतात की नाहीत, हे त्या नोंदींवरूनच कळते.